पाच मिनिटांचे यंत्र, दिवसभराचा पाय

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस आपल्याकडील गृहिणी जमिनीवर फारशी सापडत नाही. ती स्टुलावर असते, नाहीतर माळ्याच्या शिडीवर. खाली उभे राहून सूचना देणारे पुरुष तेवढे सुखरूप राहतात. साहजिकच या दिवसांत पुष्कळ घोटे मुरगळतात. मग आंबेहळद उगाळली जाते, लेप बसतात, आणि तरीही सूज हटली नाही की कोणीतरी हमखास म्हणते, “अहो, मशीन लावून घ्या!”

गेल्या वर्षी आमच्या वहिनींवर ही पाळी आली. एक्स-रेमध्ये हाड शाबूत निघाले. घोट्याच्या बाहेरच्या अंगाचा अस्थिबंध तेवढा दुखावला होता. डॉक्टरांनी फिजिओथेरपीला धाडले आणि सोबतीला मी गेलो. तिथल्या मुलीने घोट्याला गारेगार जेली फासली आणि यंत्राचे गुळगुळीत डोके त्यावर गोलगोल फिरवायला सुरुवात केली.

“आत काही दिसते का गं?” वहिनींनी विचारले.

“नाही काकू, ही सोनोग्राफी नव्हे. हे यंत्र चित्र काढत नाही.”

मग करते तरी काय? आपल्या कानाला सेकंदाला फार तर २० हजार कंपनांचा आवाज ऐकू येतो. हे यंत्र सेकंदाला १० लाख किंवा ३० लाख कंपने सोडते. पहिली खोलवर जातात, दुसरी वरच्या थरातच विरतात. हवेतून ही कंपने पुढे सरकत नाहीत, म्हणून मध्ये जेली हवी. डोके एकाच जागी धरले तर तिथे चटका बसण्याची भीती, म्हणून ते सतत फिरवायचे.

याची मुळे फ्रान्समध्ये आहेत. काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे १८८० साली क्यूरी बंधूंनी दाखवले. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी उलट वाट धरली. स्फटिकाला वीज देऊन त्यांनी ध्वनिलहरी निर्माण केल्या. हेतू पाणबुड्या हुडकण्याचा. पण त्या लहरींनी पाण्यातले मासे मेले आणि पाण्यात घातलेल्या हाताला कळा आल्या. लहरींचा सजीवांवर परिणाम होतो हे असे कळले. पुढे सौम्य मात्रेत त्या दवाखान्यात आल्या.

आता मुद्द्याचे. या यंत्राने मुरगळलेला घोटा लवकर बरा होतो काय? २०११ साली कॉक्रेनच्या संशोधकांनी सहा चाचण्यांतील ६०६ रुग्णांची माहिती एकत्र तपासली. खऱ्या यंत्राची तुलना नुसत्या दिखाऊ यंत्राशी केली, तेव्हा म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. कंबरदुखीसाठी तर हा उपचार देऊच नये, असे ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०१६ साली सांगितले. खांद्यात चुना साठण्याच्या विकारात १९९९ सालच्या एका चाचणीत फायदा दिसला होता. पण नऊ महिन्यांनी तोही फरक उरला नव्हता.

तिसऱ्या दिवशी वहिनी म्हणाल्या, “मशीन झाले ना? मग मी निघते.” त्या मुलीने त्यांना हाताला धरून परत बसवले. “काकू, यंत्राची पाच मिनिटे सोडून द्या एक वेळ, पण व्यायाम सोडू नका. एकदा मुरगळलेला घोटा पुन्हा मुरगळायला टपलेला असतो. त्याची तोल ओळखण्याची जाण मंदावते, ती परत शिकवावी लागते.”

वहिनी राहतात तिसऱ्या मजल्यावर, आणि इमारतीला लिफ्ट नाही. पुन्हा पाय गेला असता तर त्या महिनाभर घरात अडकल्या असत्या. हे मात्र त्यांना पटले. आधी बसल्या बसल्या घोटा वर-खाली करणे, मग टाचा उचलणे आणि पुढे एका पायावर उभे राहणे. दूध तापेपर्यंत ओट्याला बोट टेकवून एका पायावर उभ्या असलेल्या वहिनी आम्ही कित्येक सकाळी पाहिल्या. दोन महिन्यांनी त्या भाजीची पिशवी घेऊन जिना चढू लागल्या.

वाचकहो, पाय मुरगळल्यावर चार पावलेही टाकता येत नसतील किंवा घोट्याचे हाड दाबल्यावर दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. गरोदर स्त्रीच्या पोटावर वा कमरेवर, कर्करोगाच्या गाठीवर, डोळ्यांवर किंवा शिरेत रक्ताची गुठळी असलेल्या जागी हे यंत्र फिरवायचे नसते. तसे काही असेल तर न विचारताच सांगा. आणि फिजिओथेरपिस्टकडे गेलात की “मशीन किती दिवस?” हा प्रश्न बाजूला ठेवा. “आज घरी जाऊन काय करू?” हे विचारा, आणि जे उत्तर मिळेल ते त्याच संध्याकाळी करायला लागा.