पोरवड्याचें खापर बाईच्याच माथीं कां?

"गरिबांस पोरें फार, कारण ते अडाणी," हें वाक्य आम्हीं खुर्चीवर बसलेल्या पुष्कळ शहाण्यांच्या तोंडून ऐकलें आहे. तें कितपत खरें, हें पाहावयाचें असेल तर, बंधुभगिनींनो, पूर्व आफ्रिकेकडे नजर टाका. तेथेंहि बहुतेक लोक शेतावर व गुरांवरच पोट भरतात.

केनिया सरकारनें कुटुंबनियोजनाचें काम १९६७ सालीं हातीं घेतलें. तरी १९७८ च्या सुमारास तेथें एका बाईस सरासरी आठ मुलें होत. २०२२ च्या पाहणींत ही सरासरी ३.४ वर आली. माती तीच, माणसें तींच. मग बदललें काय? तान्हीं मुलें जगूं लागलीं, मुली शाळेंत गेल्या आणि औषध हाताशीं आलें. ज्या घरांत पांचांतलीं दोन पोरें जाण्याचें भय, तें घर दोघांवर कसें थांबेल? यास अडाणीपणा म्हणावयाचें कीं हिशेब?

त्याच पाहणीचे आंकडे पाहा. शाळा न पाहिलेल्या बाईस सरासरी ६.३ मुलें, माध्यमिक शाळेच्या पुढें शिकलेलीस २.८. नैरोबी शहरांत २.५, तर सोमालियाच्या सीमेवरील मंदेरा जिल्ह्यांत ७.७. मंदेराची बाई कांहीं निराळ्या मातीची नाहीं. तेथें पाऊस थोडा, दवाखाना लांब, मुलींची शाळा त्याहून लांब.

दुसरी गांठ घरांतच आहे. तिकडील पुष्कळ जमातींत नवरदेवाकडून मुलीच्या बापास गुरें द्यावीं लागतात, आणि होणारीं मुलें नवऱ्याच्या कुळाचीं मानलीं जातात. मग किती मुलें हवींत हें नवरा व सासू ठरविणार. वेणा मात्र तिनें सोसावयाच्या! म्हणून कित्येक बायका तीन महिन्यांनीं टोंचावयाची सुई गुपचूप घेतात, कारण ती घरांत कोणास दिसत नाहीं. पण तिनें विटाळ अनियमित होतो, कधीं थांबतोहि; सुई सोडल्यावर दिवस राहण्यास कांहीं महिने लागतात. हें कोणी आधीं सांगितलें नाहीं तर "कूस सुकली" अशी आवई उठते व बाई घाबरून सुई सोडते. आम्ही शाळामास्तर. न समजावतां घोकून घेतलेला पाढा टिकत नाहीं, हें आम्हीं रोज पाहतों. औषधाचेंहि तसेंच.

राज्यकर्त्यांची जबाबदारी याहून मोठी. टांझानियाचे अध्यक्ष मगुफुली यांनीं २०१८ सालीं, कुटुंबनियोजन करणारे आळशी आहेत, असें भर सभेंत सांगितलें. त्यांच्याच राज्यांत गरोदर मुलींस शाळेंतून काढीत. ती बंदी त्यांच्या मृत्यूनंतर, नोव्हेंबर २०२१ मध्यें उठली. उलट रुवांडांत गांवकऱ्यांनीं आपल्यांतूनच आरोग्यसेवक निवडले. तेथें २००५ सालीं शंभर विवाहित बायकांपैकीं दहा आधुनिक उपाय वापरीत. २०१० सालीं पंचेचाळीस! मात्र या सर्व देशांचें बरेंच औषध परक्यांच्या पैशानें येतें. २०२५ सालीं अमेरिकेनें हात आखडतां घेतला आणि दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी पिण्यांतला धोका उघडा पडला.

तात्पर्य, बाईस दोष देणें सोपें, तिला शाळा व दवाखाना देणें कठीण. म्हणूनच शहाणे पहिलें करतात. मुलीस शाळेंत टिकवा, तान्हें जगवा, औषध गांवांत आणा व तें नीट समजावून सांगा. मग किती मुलें हवींत, हें तीच सांगेल. दुसऱ्यानें तें ठरविण्याचें कारण नाहीं.