इब्न रुश्द कुठल्या रकान्यात?

ताडकळसला माझी भाची एम.ए. तत्त्वज्ञानाच्या प्रवेश परीक्षेची तयारी करतेय. वहीत दोन रकाने : भारतीय आणि पाश्चात्य. एकात चार्वाक ते शंकराचार्य, दुसऱ्यात प्लेटो ते कांट. परवा तिने विचारले, "मामू, इब्न रुश्द कुठे लिहू?"

कुठेच नाही! अॅक्विनास पाठ करायचा. पण तो ज्याला नुसते 'भाष्यकार' म्हणतो, तो कॉर्दोबाचा काझी गाळायचा. दारा शुकोहने १६५७ मध्ये उपनिषदे फारसीत आणली. त्या फारसीवरून लॅटिन भाषांतर झाले आणि तेच शोपेनहाउअरने वाचले. दोन रकान्यांमध्ये पूल बांधणाऱ्याला मात्र एकाही रकान्यात जागा नाही.

पण अभ्यासक्रमाला नावे ठेवून आपण सुटत नाही. आमच्या ओळखीचे एक बुजुर्ग भाचीला म्हणाले, "फलसफा इमान बिघडवतो. गझालींनी तो केव्हाच खोडलाय."

चाचा, खोडण्याआधी गझालींनी फिलॉसॉफरांची मते समजावणारे अख्खे पुस्तक लिहिले, 'मकासिद अल-फलासिफा'. भारतीय दर्शनांत याला पूर्वपक्ष म्हणतात. आधी समोरच्याचे म्हणणे नीट मांडा, मग खोडा. तुम्ही काय वाचून खोडताय? आणि इब्न रुश्दने गझालींनाही उत्तर दिले, ते पुस्तकानेच. फतव्याने नव्हे.

भाचीने वहीत तिसरा रकाना आखलाय. त्याला मार्क नाहीत, हे तिला माहीत आहे. न्यायदर्शनातली व्याप्ती अजून पक्की व्हायचीय, म्हणून सध्या तो रात्री दहानंतर उघडतो.