जाणिवेची सत्यप्रत कोण काढणार?



दर अंकात आपण मजुरी, जमीन, आरोग्य, घरातली मारहाण यांबद्दल बोलतो. या वेळी विषय जरा वेगळा आहे. माणसाचं मन, त्याची जाणीव, कधी काळी यंत्रात उतरवता येईल का? हा प्रश्न आपला नाही, परदेशातल्या धनिकांचा आणि शास्त्रज्ञांचा आहे, असं पहिल्यांदा वाटतं. पण पालीत आमच्या बैठकीत तो निघाला. गेल्या पावसाळ्यात भट्ट्या बंद असल्याने बाया गावात होत्या. कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीने मोबाइलवर पाहिलं होतं, की मेलेल्या माणसाचा आवाज आणि चेहरा संगणक परत बोलता करतो. आणि पुढे तर मेंदूच यंत्रात उतरवतील, मग कुणी मरणारच नाही. तिची आई वर्षापूर्वी वारली होती. "मग ती खरंच तिथे असेल का?" एवढंच तिने विचारलं.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग वीटभट्टीवर जाणारी एक बाई म्हणाली, "झेरॉक्स काढली म्हणून मूळ कागद नाहीसा होतो का? दोन होतात. मूळ फाटला तर फाटलाच की." तहसील कचेरीत दाखल्यासाठी हेलपाटे घातलेल्या बाईला मूळ, नक्कल आणि सत्यप्रत यांतला फरक शिकवावा लागत नाही. तत्त्वज्ञ ज्यावर वर्षानुवर्षं वाद घालत आले आहेत, तो मुद्दा तिने दोन वाक्यांत मांडला. यंत्रात जे जागं होईल ते स्वतःला 'मी' म्हणेलही. पण म्हणून इथे गेलेली बाई परत आली असं होत नाही.

विज्ञान कुठवर आलं आहे तेही नीट पाहू. माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी असतात आणि एकेका पेशीचे इतर पेशींशी हजारो सांधे असतात. मन यंत्रात घालू म्हणणाऱ्यांचा हिशेब असा, की या साऱ्या सांध्यांचा नकाशा काढून तो संगणकात चालवला की तोच माणूस तिथे जागा होईल. एक मिलिमीटर लांबीचा एक सूत्रकृमी आहे. त्याला ३०२ चेतापेशी. त्याचा नकाशा १९८६ मध्ये प्रसिद्ध झाला. फळमाशीच्या संपूर्ण मेंदूचा, सुमारे १,३९,००० पेशींचा, नकाशा २०२४ मध्ये पुरा झाला. त्याच वर्षी हार्वर्ड विद्यापीठ आणि गूगल यांच्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या मेंदूच्या जेमतेम एक घनमिलिमीटर तुकड्याचा नकाशा मांडला. तांदळाच्या दाण्याहून लहान तो तुकडा; त्यात ५७,००० पेशी आणि सुमारे १५ कोटी सांधे निघाले. एवढ्याशा तुकड्याची माहिती साठवायला १,४०० टेराबाइट जागा लागली. हा तुकडा ४५ वर्षांच्या एका बाईचा होता. अपस्माराच्या शस्त्रक्रियेत तो काढावा लागला होता.

नकाशा म्हणजे गाव नव्हे. ३०२ पेशींच्या त्या किड्याचा नकाशा हाती येऊन चाळीस वर्षं होत आली, तरी तो किडा जसाच्या तसा संगणकात वागताना कुणी दाखवू शकलेलं नाही. शिवाय मेंदू काही बरणीत ठेवलेला नसतो. भूक, ताप, पाळी, जागरण, बाळंतपण या सगळ्यांतून तो घडत आणि बदलत राहतो. गरोदरपणात मेंदूच्या करड्या भागात होणारे बदल बाळंतपणानंतर किमान दोन वर्षं टिकतात, असं २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. मग बाईचा कोणत्या दिवशीचा मेंदू यंत्रात उतरवायचा? तेव्हा आजचं उत्तर 'नाही' असं आहे. पुढे कधीच होणार नाही, असं मी म्हणत नाही. पण ते व्हायची वाट पाहत बसलो तर आजच जे होतं आहे ते आपल्या नजरेतून निसटेल.

देह टाकून मन दुसरीकडे नेण्याचं स्वप्न आपल्याकडे जुनंच आहे. मंडनमिश्रांच्या पत्नी उभयभारती यांनी वादात कामशास्त्रावर प्रश्न केले, तेव्हा संन्यासी असलेल्या शंकराचार्यांनी मुदत मागून घेतली, परकायाप्रवेश करून अमरुक राजाच्या मृत देहात ते शिरले आणि आपला देह शिष्यांच्या राखणीत ठेवला, अशी कथा आहे. या कथेत दोन गोष्टी कबूल केलेल्या आहेत. एका बाईच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला देह लागला. नुसत्या बुद्धीने भागलं नाही. आणि टाकलेला देह कुणीतरी राखत बसावं लागलं. देह म्हणजे नुसतं ओझं, खरा मी वेगळाच, असं म्हणणाऱ्यांचा देह बहुधा दुसऱ्याच कुणीतरी सांभाळलेला असतो. त्याला जेवू घालणं, त्याचे कपडे धुणं, आजारपण काढणं ही कामं कुणाकडे असतात ते आपल्याला सांगायला नको. ज्यांच्या वाट्याला देहाची सगळी कामं आली, त्यांना देह तुच्छ मानण्याची चैन परवडत नाही.

बायकांचं मन यंत्रात गेल्याचं आपल्या भाषेतलं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे जात्यावरच्या ओव्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्याहून, ऐंशीच्या दशकापासून, गावोगावच्या बायांच्या ओव्या गोळा केल्या. सह्याद्री चढून गेलं की लागणारा आपल्या शेजारचा मुळशी तालुका हे त्यांच्या कामाचं एक मुख्य क्षेत्र. महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखावर ओव्या जमल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल यांनी त्यांच्या संगणकीय नोंदींचं आणि ध्वनिमुद्रणाचं काम हाती घेतलं. २०१७ पासून 'पारी' हे ग्रामीण भारताचं संकेतस्थळ त्या लोकांपुढे आणत आहे. सासुरवास, भाऊ, लेक, सीता, बाबासाहेब, पोटाची भूक, सगळं त्यांत आहे. घरात तोंड उघडता येत नव्हतं ते बाईने पहाटे जात्याला सांगितलं.

आता हे सारं संगणकात आहे. मग त्या बाया तिथे आहेत का? तिथे त्यांचा आवाज आहे, शब्द आहेत, नाव आणि गाव आहे. दळणाचं वजन, दुखणारा खांदा, खुंट्याला दुसरा हात लावून बसलेली जाऊ, या गोष्टी तिथे नाहीत. तरीही हे काम मला मोलाचं वाटतं आणि ते ज्या रीतीने झालं त्यावरून शिकावंसं वाटतं. बायांनी स्वतः गायलं. कुणी गायलं, कोणत्या गावची, याची नोंद ठेवली गेली. 'ही त्या बाईचीच जाणीव' असा दावा कुणी केला नाही; 'हे तिने सांगितलं' एवढंच म्हटलं गेलं. तिने सांगितलं आणि तिच्याबद्दल यंत्राने सांगितलं, या दोहोंत जमीन-अस्मानाचं अंतर आहे.

आपल्या समाजात बाईच्या सांगण्याला वजन किती? अंगात आलं आणि देवी बोलली तर सगळं घर हात जोडून ऐकतं. तीच बाई दुसऱ्या दिवशी शुद्धीवर बोलली तर कुणी मान वर करत नाही. आता देवीच्या जागी यंत्र येऊ लागलं आहे. रेशन दुकानात वीट थापून झिजलेला अंगठा यंत्राला लागत नाही, तेव्हा समोर उभी असलेली, दुकानदार जिला नावाने ओळखतो ती बाई 'ती' ठरत नाही. तिच्या असण्याची खात्री तिच्याकडून मिळत नाही, यंत्राकडून घ्यावी लागते.

याच्या पुढची पायरी पुण्यात घडून गेली आहे. एका खून खटल्यात व्यवस्थापनाचं शिक्षण घेणाऱ्या एका तरुणीला जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने जन्मठेप दिली. इतर परिस्थितीजन्य पुराव्यांबरोबर मेंदूच्या विद्युतलहरींची, 'बिऑस' नावाची चाचणी तिच्या विरोधात धरली गेली. मुंबईच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत तिच्या डोक्याला तारा लावल्या. 'मी विष विकत घेतलं' अशा धर्तीची, तिच्या वतीने रचलेली 'मी'ची वाक्यं तिला ऐकवली. तिने तोंडाने एक शब्दही बोलायचा नव्हता. लहरींवरून संगणक सांगणार होता, की हे तिने नुसतं ऐकलं आहे की स्वतः अनुभवलं आहे. निमहान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने त्याच वर्षी असा निष्कर्ष काढला, की या तंत्राला पुरेसा शास्त्रीय आधार नाही आणि ते पुरावा म्हणून वापरू नये. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने तिची शिक्षा स्थगित करून जामीन दिला. तिने गुन्हा केला होता की नव्हता, हा इथे माझा विषय नाही. एका माणसाची जाणीव त्याच्या तोंडून न ऐकता यंत्रातून काढता येते, असं गृहीत धरून जन्मठेपेपर्यंत मजल गेली, हा विषय आहे. ५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की संमतीशिवाय अशी मेंदूची चाचणी, नार्को किंवा खोटं पकडण्याची चाचणी करता येणार नाही. हा निकाल प्रत्येक कार्यकर्तीला तोंडपाठ हवा.

आणि जी बोलूच शकत नाही तिचं काय? मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कर्मचाऱ्याने हल्ला केला. साखळीने गळा आवळल्याने त्यांच्या मेंदूला इजा झाली. हल्लेखोराला शिक्षा झाली ती हल्ला आणि चोरीबद्दल. लैंगिक अत्याचाराचा आरोप खटल्यात आलाच नाही. अरुणा त्यानंतर जवळजवळ ४२ वर्षं, १८ मे २०१५ पर्यंत, त्याच रुग्णालयात होत्या. त्यांना जाणीव उरली आहे का, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या, अहवाल दिला. पण न्यायालयापुढे आणखी एक माहिती आली. आवडीचं खाणं भरवलं तर चेहरा खुलतो, खोलीत माणसांची गर्दी झाली की त्या अस्वस्थ होतात, हे त्यांना रोज भरवणाऱ्या, अंग पुसणाऱ्या परिचारिकांना ठाऊक होतं. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, की अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार तिची इतकी वर्षं सेवा करणाऱ्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे. दयामरणाबद्दल आपल्यात मतभेद असतील, असूदेत. पण दुसऱ्याची जाणीव ओळखायचं सगळ्यात जुनं साधन म्हणजे रोजची सेवा आहे, याची नोंद देशाच्या सर्वोच्च न्यायालयात झाली, ती आपण विसरू नये.

'जाणीव' हा शब्द आपल्या चळवळीने फार वापरला. जाणीव-जागृतीचे गट, जाणिवेची शिबिरं. मारहाण हे आपलं नशीब नाही, हे एकटीला रात्री अंथरुणावर सुचलं असेल. पण चारजणींनी एकमेकींना सांगितलं तेव्हा त्याची जाणीव झाली. ती एकीच्या कवटीत बसलेली वस्तू असती तर बैठकांची गरजच नव्हती. ज्याला यंत्रात उतरवू म्हणतात ते एकट्या माणसाचं डोकं आहे. आपल्याला माहीत असलेली जाणीव माणसांच्या मधोमध जागी होते आणि उद्या बदलूही शकते. बाईला आपलं मत बदलायचा हक्क आहे. प्रतीला तो हक्क कोण देणार? ती कुणाच्या यंत्रावर राहणार, वीजबिल कोण भरणार, आणि ती नको ते बोलली तर बटण कुणाच्या हातात असणार?

म्हणून तीन गोष्टी सुचवते. एक, आपल्या गटांत आपण बायांची गाणी, कहाण्या, साक्षी मोबाइलवर घेतो. प्रत्येक वेळी विचारून घ्या, नाव द्यायचं की नाही ते तिला ठरवू द्या, आणि तिची प्रत तिला द्या. दोन, मेल्यानंतर आपला आवाज, चेहरा, फोटो कुणी वापरावा, वापरावा की नाही, हे जिवंतपणी बोलून लिहून ठेवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आपल्या पश्चात आपल्या माहितीचे हक्क बजावायला व्यक्ती नेमण्याची तरतूद आहे. ती व्यक्ती नवराच असली पाहिजे असं नाही. तीन, पोलीस ठाण्यात कुणी बाईला 'मशीनची टेस्ट दे, सुटशील' म्हणालं, तर वकिलाशी बोलल्याशिवाय होकार देऊ नका. ती संमती दंडाधिकाऱ्यांपुढे नोंदवावी लागते.

त्या मुलीला मी त्या दिवशी सांगितलं, की तुझ्या आईचा आवाज यंत्र काढेलही, पण तुझ्यावर रागावायचं की नाही हे तिचं तीच ठरवायची, ते आता कुणी ठरवू नये. तुमच्या गटांत हा विषय काढून पाहा. बाया काय म्हणाल्या ते त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवा. पुढच्या अंकात छापू.

पाली, ता. सुधागड, जि. रायगड