सुट्टीतले चित्रवर्ग आणि कुलूपबंद समाजमंदिरे

परीक्षा संपतात आणि वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर उन्हाळी शिबिरांच्या जाहिराती झळकू लागतात. चित्रकला, मातीकाम, छायाचित्रण, नाट्य, व्यक्तिमत्त्व विकास. पत्ते पाहावेत तर कोथरूड, पार्ले, दादर. शुल्क पाहावे तर चार घरची धुणीभांडी करणाऱ्या आमच्या भगिनीने हिशेब करण्याआधीच पान उलटावे. या दोन महिन्यांत आमच्या वस्तीतली मुले काय करतात? कोणी बापाबरोबर बिगारीला जातो, कोणी आई कामावरून येईपर्यंत धाकटी भावंडे सांभाळते, उरलेली उन्हात क्रिकेट खेळतात. चौदा एप्रिलची जयंती झालेली असते, बुद्धपौर्णिमा येऊन जाते, आणि वस्तीच्या मध्यभागी असलेल्या समाजमंदिराला पुढच्या लग्नापर्यंत कुलूप असते.

आम्हाला आज या कुलपाबद्दल लिहायचे आहे. परंतु त्याआधी वाचकांनी आमच्याबरोबर शिकागोला यावे.

शिकागो शहराच्या दक्षिण भागात, ३८३१, साउथ मिशिगन अ‍ॅव्हेन्यू या पत्त्यावर एक जुना वाडा आहे. मुळात तो एका श्रीमंत गोऱ्या धान्यव्यापाऱ्याचा. अमेरिकेच्या दक्षिणेतल्या राज्यांतून वर्णद्वेषाला कंटाळून निघालेले लाखो काळे लोक विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तरेकडच्या शहरांत आले, आणि तिथेही त्यांना ठराविक पट्ट्यातच कोंबण्यात आले. बाकीच्या वस्त्यांत घरमालक आपसात करार करीत की काळ्या माणसाला घर विकायचे नाही. असे करार न्यायालयांनी अमलात आणू नयेत हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाला १९४८ साली शेली विरुद्ध क्रेमर या खटल्यात सांगावे लागले. (आमच्याकडे २००५ साली एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचा, सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवण्याचा नियम सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरविला. त्याचा आधार घेऊन आज कोण कोणाला घर नाकारतो ते भाड्याचे घर शोधणाऱ्या प्रत्येक बौद्ध तरुणाला ठाऊक आहे. हा विषय पुन्हा केव्हा तरी.)

त्या कोंडलेल्या पट्ट्यात १९३० च्या दशकात मंदीने कहर केला. रूझवेल्ट सरकारने बेकारांना काम देण्याच्या योजना काढल्या आणि त्यांत चित्रकारांनाही कामगार मानले. हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. सुतार, गवंडी जसा बेकार होतो तसा चित्रकारही बेकार होतो, त्यालाही पगार हवा, हे एका सरकारने मान्य केले. १९३५ पासून 'फेडरल आर्ट प्रोजेक्ट' या योजनेखाली देशभर शंभरावर लोककलाकेंद्रे उभी राहिली. पद्धत सरळ होती. शिक्षकांचा पगार सरकारने द्यायचा, इमारतीची सोय स्थानिक लोकांनी करायची. साउथ साइडच्या काळ्या लोकांनी ही सोय वर्गणीतून केली. त्या मोहिमेला त्यांनी 'माइल ऑफ डाइम्स' म्हणजे नाण्यांचा मैल असे नाव दिले. डाइम म्हणजे डॉलरचा दहावा हिस्सा. मार्गारेट बरोज ही विशीतली चित्रकार मुलगी चौकात डबा घेऊन उभी राही आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडे एक डाइम मागे. चंद्रमणीनगरात किंवा माता रमाबाई आंबेडकर नगरात जयंतीचे पावतीपुस्तक घेऊन फिरलेल्या कार्यकर्त्याला हे चित्र काही परके वाटणार नाही.

१९४० च्या अखेरीस केंद्र सुरू झाले. मे १९४१ मध्ये राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी त्याचे रीतसर उद्घाटन केले. तिथे प्रदर्शने भरू लागली, चित्रकलेचे, छायाचित्रणाचे, कवितेचे वर्ग चालू लागले. कवितेच्या वर्गात बसणाऱ्या ग्वेंडोलिन ब्रुक्स या तरुणीला १९५० साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. ते मिळविणारी ती पहिली काळी व्यक्ती. वाड्याच्या तळघरातल्या अंधाऱ्या खोलीत गॉर्डन पार्क्स हा तरुण आपली छायाचित्रे धूत असे. पुढे तो वॉशिंग्टनला सरकारी नोकरीत गेला. त्याने १९४२ साली काढलेले एक छायाचित्र जगभर गाजले. सरकारी कार्यालयात झाडलोट करणारी एला वॉटसन ही बाई समोर पाहत उभी आहे, हातात झाडू आहे, बाजूला फरशी पुसण्याचे फडके, आणि मागच्या भिंतीवर अमेरिकेचा भला मोठा राष्ट्रध्वज. छायाचित्राखाली एक शब्द लिहिण्याची गरज नाही. आमच्या महापालिकांच्या दारात पहाटे हजेरी लावणाऱ्या सफाई कामगार स्त्रीचे असे चित्र कोणत्या कलादालनात लागले आहे ते आम्हाला कोणी दाखवावे.

१९४३ साली सरकारी योजना बंद झाली. सरकारी पैशावर उभी असलेली अनेक केंद्रे मिटली. साउथ साइडचे केंद्र मिटले नाही, कारण इमारत वर्गणीची होती आणि लोकांना ती आपली वाटत होती. मेजवान्या करून, चित्रे विकून, वर्गण्या काढून त्यांनी ते चालू ठेवले. प्रदर्शनाच्या खोलीतल्या लाकडी भिंतींवर आजवर ठोकलेल्या खिळ्यांची हजारो भोके आहेत, आणि ती त्यांनी मुद्दाम बुजवलेली नाहीत. बरोजबाईंनी तर पुढे १९६१ साली त्याच रस्त्यावरच्या आपल्या राहत्या घरात काळ्यांच्या इतिहासाचे वस्तुसंग्रहालय सुरू केले. तेच आजचे ड्यूसेबल संग्रहालय. दिवाणखान्यात संग्रहालय! आमच्याकडे दिवाणखाना नाही म्हणून संग्रहालय नाही असे सांगणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

दुसरे उदाहरण वॉशिंग्टनमधल्या अ‍ॅनाकोस्टिया या गरीब काळ्या वस्तीचे. स्मिथसोनियन या बलाढ्य सरकारी संस्थेने १९६७ साली तिथल्या एका बंद पडलेल्या चित्रपटगृहात वस्तीचे संग्रहालय उघडले आणि ते वस्तीत काम करणाऱ्या जॉन किनार्ड या तरुणाच्या हाती दिले. १९६९ साली तिथे प्रदर्शन भरले ते उंदरांचे. वस्तीतली मुले उंदीर चावण्याच्या गोष्टी सांगत होती, म्हणून जिवंत उंदीर ठेवले, ते कुठून येतात, कचरा का उचलला जात नाही, हे सारे मांडले. राजाची तलवार आणि राणीचा हार पाहायची सवय लागलेल्यांनी नाके मुरडली असतील. पण संग्रहालय कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर तिथे मिळाले. आमच्या वस्तीने असे प्रदर्शन भरवायचे ठरविले तर विषयांना काय तोटा आहे? नळाला येणाऱ्या पाण्याची वेळ, तुंबलेले गटार, मॅनहोलमध्ये उतरून परत न आलेला माणूस.

याच १९६९ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने हार्लेमवर मोठे प्रदर्शन भरविले आणि त्यात हार्लेमच्या एकाही काळ्या चित्रकाराचे चित्र किंवा शिल्पकाराचे शिल्प घेतले नाही. फक्त छायाचित्रे लावली. काळे कलावंत निषेधाचे फलक घेऊन दारात उभे राहिले. हार्लेमच्या लोकांनी आपले स्वतःचे 'स्टुडिओ म्युझियम' काही महिने आधीच, सप्टेंबर १९६८ मध्ये, भाड्याच्या माळ्यावर उघडले होते. तुमच्याविषयी प्रदर्शन भरते, पण तुम्ही त्यात निर्माते म्हणून नसता. हा अनुभव आम्हाला नवा आहे काय?

काही समाजबांधव म्हणतील, अमेरिकेचे कौतुक कशाला? बाबासाहेब १९१३ ते १९१६ ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले ते हार्लेमला लागून आहे. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून निग्रोंच्या संयुक्त राष्ट्रांपुढील अर्जाची प्रत मागितली होती. १९७२ साली आमच्या तरुणांनी संघटनेला नाव दिले ते पँथरचे. तेव्हा नाते जुने आहे. आपण त्यांच्याकडून घोषणा घेतली. डबा घेऊन चौकात उभे राहण्याचे आणि वर्ग चालविण्याचे काम घ्यायचे राहिले.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. घरात दाणा नाही, नोकऱ्यांचा अनुशेष भरला जात नाही, अ‍ॅट्रॉसिटीचे खटले वर्षानुवर्षे लोंबकळतात, आणि तुम्ही चित्रकलेचे काय घेऊन बसलात? हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो, कारण तो घेणारे बहुधा प्रामाणिक कार्यकर्ते असतात. परंतु मंदीच्या ऐन भरात, बेकारीच्या खाईत शिकागोचे केंद्र उभे राहिले हे त्यांनी लक्षात घ्यावे. शिवाय आमचा इतिहास काय सांगतो? आंबेडकरी जलसे काही सुखवस्तू लोकांनी उभे केले नाहीत. दिवसभर राबणाऱ्या माणसांनी रात्री ढोलकी घेतली. गाणे आमच्याकडे टिकले ते त्यामुळे. चित्र मात्र टिकले नाही, कारण रंग, कागद, भिंत आणि शिकविणारा या चारही गोष्टींना पैसा लागतो आणि जागा लागते.

आणि आम्ही कोणाचे वारस आहोत? अजिंठ्याच्या भिंती भिक्खूसंघाच्या विहारातल्या आहेत. १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स साहेब विद्यार्थ्यांना घेऊन वर्षानुवर्षे तिथे चित्रांच्या नकला करीत होते; भारतातली आधुनिक कलाशिक्षणाची शाळा बुद्धाच्या भिंतीपुढे बसून शिकली. जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखांत बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींचा उल्लेख आहे. कार्ल्याला धेनुकाकटच्या एका सुताराचे नाव कोरलेले आहे. म्हणजे लेणी केवळ राजाच्या खजिन्यातून झाली नाहीत, कारागिरांचा हात आणि त्यांची वर्गणीही त्यांत होती. त्यांचे वंशज आज लेण्यांच्या दारात तिकीट काढतात आणि आत लावलेल्या पाटीवर 'पांडवलेणी' असे वाचून परत येतात. पाटी कोण लिहितो, हाच खरा प्रश्न आहे, आणि पाटी लिहायला आमची मुले त्या विद्येत शिरली पाहिजेत.

त्यांना शिरण्यापासून कोण अडविते? कायद्याने दार उघडे आहे. संविधानाच्या अनुच्छेद १५(२) ने सरकारी खर्चाने चालणारी सार्वजनिक ठिकाणे सर्वांना खुली केली, तीही १९२३ चा बोले ठराव आणि १९२७ चे चवदार तळे यांच्या मागे. परंतु दार उघडे असणे वेगळे आणि पाऊल पडणे वेगळे. मुंबईतल्या कलादालनाच्या संगमरवरी पायरीवर कोणी हटकत नाही, तरी आमचा मुलगा बाहेरच थबकतो. वस्तीतच कलादालन असेल तर तो थबकणार नाही.

आता आमच्याच अंगणात येऊ. जयंतीला आमचे लोक पोटाला चिमटा काढून वर्गणी देतात. तिचा मोठा वाटा डीजेच्या भिंतीत आणि फ्लेक्समध्ये जातो. पूर्वी जयंतीचा फलक वस्तीतलाच रंगारी रंगवीत असे. बाबासाहेबांचा चेहरा, तथागतांचे डोळे, अशोकचक्र हे तो हाताने काढी आणि पोरे त्याच्याभोवती बसून पाहत. तो आमचा चित्रवर्गच होता. फ्लेक्स आला आणि रंगाऱ्याची मजुरी गेली, पोरांचा वर्गही गेला. फलकावर आता महापुरुष कोपऱ्यात आणि नगरसेवक होऊ इच्छिणारे बारा चेहरे मध्यभागी असतात. जयंती दणक्यात व्हावी याला आमचा विरोध नाही. एका रात्रीच्या डीजेचे पैसे बाजूला काढले तर कागद, रंग, माती आणि ए.टी.डी. करून बेकार बसलेल्या आपल्याच एखाद्या तरुणाचे दोन महिन्यांचे मानधन निघते की नाही, याचा हिशेब जयंती समितीने एकदा मांडावा इतकेच आम्ही म्हणतो.

वर्गाचा व्यावहारिक उपयोगही आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा शाळकरी मुलांना देता येतात, आणि इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात. ज्यांच्या शाळेत चित्रकलेचा शिक्षकच नाही त्या मुलांना उन्हाळ्यातल्या वर्गाची तयारी कामी येईल. वर्गाअखेर बुद्धविहारात किंवा समाजमंदिरात प्रदर्शन भरवावे, आणि चित्राखालची ओळ मुलानेच लिहावी.

राहिला जागेचा प्रश्न. शहरांतली बहुतेक समाजमंदिरे सार्वजनिक पैशातून, पुष्कळदा आमच्याच नावाने आलेल्या निधीतून, बांधलेली आहेत. चाव्या मात्र कोणा पुढाऱ्याच्या खिशात असतात. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने संविधानाला जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत तेराव्या क्रमांकावर 'सांस्कृतिक, शैक्षणिक व सौंदर्यविषयक' बाबींना चालना देणे हे नागरी स्वराज्य संस्थांच्या कामांच्या यादीत आहे. अनुच्छेद २४३ डब्ल्यू हे काम सोपविण्याची मुभा राज्याला देतो, सक्ती करीत नाही. म्हणून केवळ या आधारावर न्यायालयात जाऊन वर्ग सुरू करून घेता येईल असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. अनुच्छेद २९(१) ने आपली वेगळी संस्कृती जतन करण्याचा मूलभूत हक्क नागरिकांच्या कोणत्याही गटाला दिला आहे, पण त्यासाठी सरकारने पैसा द्यावा असे तोही म्हणत नाही. हे दोन्ही आधार मागणीपत्रात जरूर घालावेत. पहिले पाऊल मात्र माहिती अधिकाराचे असावे.

प्रभाग कार्यालयात २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज द्या. शुल्क १० रुपये. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा, म्हणून भाषण लिहू नका. आमच्या प्रभागात महापालिकेची समाजमंदिरे किती, प्रत्येक कोणाच्या ताब्यात कोणत्या कराराने आहे, गेल्या तीन वर्षांत किती दिवस कोणत्या कामासाठी वापरले गेले, एवढेच विचारा. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. फेब्रुवारीत अर्ज दिला तर मार्चमध्ये ताब्याची कागदपत्रे हाती येतील आणि एप्रिलच्या सुट्टीपूर्वी जागेची मागणी करता येईल. उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडे पहिले अपील करता येते.