साधनं मोजकी, खातं स्वतःच्या नावावर



घरबसल्या ब्लॉग लिहून चार पैसे मिळतात का, हा प्रश्न आता महिला मंडळातही मोकळेपणाने विचारला जातो. विचारायलाच हवा. कांदा-लसूण नसलेल्या भाज्या, चातुर्मासातली साठवण, उपवासाआधीची आणि पारण्याची तयारी, मुलांच्या पाठशाळेतल्या गोष्टी हे सगळं आपण वर्षानुवर्षं फोनवरून फुकट सांगत आलो आहोत. त्याला मोल आहे असं म्हटलं तर तो लोभ होत नाही.

अडचण पुढे येते. या प्रश्नाचं उत्तर शोधायला गेलं की पहिल्या पाच मिनिटांत पंधरा साधनांची यादी हातात पडते आणि त्यातली निम्मी विकतची असतात. माझं मत असं की पाणी जसं गाळून घेतो तशी ही यादीही गाळून घ्यावी. पहिल्या वर्षातली जवळजवळ सगळी कामं फुकट साधनांनी होतात. आणि ज्या दोन गोष्टींवर कमाई खरंच टिकते त्या अशा याद्यांमध्ये क्वचितच असतात: खातं कोणाच्या नावावर आहे, आणि आपल्या वाचक मैत्रिणींपर्यंत पोचायची वाट आपल्या हातात आहे का.

लिहिण्यापुरतं

जागा म्हणून ब्लॉगर पुरेसं आहे. ते १९९९ मध्ये सुरू झालं, २००३ मध्ये गुगलने घेतलं आणि आजही फुकट आहे. वर्डप्रेसमध्ये सोयी जास्त, पण ते स्वतःच्या होस्टिंगवर बसवलं की भाडं, अपडेट आणि सुरक्षितता हे तिन्ही आपल्या गळ्यात. पहिला खर्च करायचाच असेल तर तो स्वतःच्या पत्त्यावर, म्हणजे डोमेन नेमवर करा. उद्या ब्लॉगर सोडून दुसरीकडे गेलात तरी पाटी तीच राहते.

टाईप करायचा कंटाळा येत असेल तर फोनवरच्या जीबोर्डला मराठी बोलून सांगा, ते लिहून घेतं. नंतर एकदा नीट वाचून दुरुस्त करायचं, एवढंच. ज्यांच्याकडे जुन्या पुस्तिका किंवा मंडळाचे अंक श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडून आहेत त्यांनी तो मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावा. जुन्या फॉन्टचा मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण सर्च इंजिनला तो अर्थहीन अक्षरांचा ढीग वाटतो. इतकी मेहनत करून लिहिलेलं कोणाला सापडलंच नाही तर काय उपयोग?

कोण काय शोधतं, ते पाहण्यापुरतं

मला एकच साधन ठेवायला सांगितलं तर मी गुगल सर्च कन्सोल ठेवीन. ते फुकट आहे. लोक कोणते शब्द टाकून तुमच्या पानापर्यंत आले, किती जणींना ते पान यादीत दिसलं आणि त्यातल्या कितींनी उघडलं, हे सगळं ते १६ महिन्यांपर्यंतचं दाखवतं. त्यातून घरगुती पण कामाच्या गोष्टी कळतात. कोणी ‘खाखरा’ लिहितं, कोणी ‘खाकरा’. कोणी ‘दशलक्षण’, कोणी ‘दसलक्षण’. कितीतरी जणी मराठी शब्द रोमन लिपीत टाईप करतात. हे रूपभेद मजकुरात सहज येऊ दिले की जिला हवं तिला ते सापडतं.

त्याच्या जोडीला गुगल ट्रेंड्स. एखाद्या शब्दाचा शोध वर्षात कधी वाढतो हे त्यात आलेखाने दिसतं. आपलं वर्ष तर पंचांगानेच बांधलेलं आहे. श्वेतांबर पर्युषण संपता संपता भाद्रपद शुद्ध पंचमीला दिगंबर दशलक्षण सुरू होतं आणि अनंत चतुर्दशीपर्यंत चालतं. त्या दिवसांतल्या पाककृती भाद्रपदात लिहून उपयोग नाही. गुगलला पान सापडायला, ओळखीचं व्हायला वेळ लागतो, म्हणून आषाढातच लिहून ठेवा. पापड-कुरडया आपण पावसाळ्यात घालतो का?

सेमरश, अहरेफ्स ही मोठ्या नावाची साधनं वाईट नाहीत. पण त्यांच्या नेहमीच्या योजना महिन्याला १०० डॉलरच्या पुढे जातात आणि त्यांची खरी ताकद इंग्रजी शब्दांत आहे. ज्या ब्लॉगने अजून १०० डॉलर मिळवलेले नाहीत त्याने दर महिन्याला १०० डॉलर खर्च करणं कोणत्या हिशोबात बसतं? परिग्रह-परिमाण फक्त साड्या आणि भांड्यांनाच लावायचं असं कुठे आहे!

चित्रांपुरतं

कॅनव्हाची फुकट आवृत्ती शीर्षकाच्या चित्रांना पुरते. देवनागरीसाठी मुक्ता आणि बालू हे मुंबईच्या एक टाईप संस्थेने केलेले फॉन्ट मोकळे आहेत आणि जोडाक्षरं नीट दाखवतात. फोनने काढलेला फोटो बहुधा तीन-चार एमबीचा असतो. तो स्क्वूशसारख्या फुकट साधनात टाकून दीड-दोनशे केबीवर आणला की गावाकडच्या मंद नेटवरही पान पटकन उघडतं.

पण फोटो स्वतःचा हवा. गुगलवरून दुसरीच्या खाकऱ्याचा फोटो उचलून आपल्या पाककृतीवर लावणं कॉपीराइट कायद्यात बसत नाही, आणि आपल्याकडे त्याला अदत्तादान म्हणतात. न दिलेलं घेऊ नये, इतकं साधं आहे. विकिमिडिया कॉमन्सवर वापरायची परवानगी असलेले पुष्कळ फोटो आहेत, पण त्यातल्या बहुतेकांना छायाचित्रकाराचं नाव देण्याची अट असते. ती पाळा. आपली चार वाक्यं कोणी नाव न देता ढापली तर आपल्याला काय वाटतं, ते आठवून पाळा.

जाहिरातींबद्दल खरं काय

गुगल ॲडसेन्स मराठी ब्लॉगला चालतं. पण हिशोब समजून घ्या. खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय पैसे बँकेत येत नाहीत. समजा हजार वाचनांमागे अर्धा डॉलर मिळाला, तर १०० डॉलरला २ लाख वाचनं लागतील. रोज दोनशे वाचनं असतील तर हजार दिवस झाले. म्हणून जाहिरात ही वरकड मिळकत समजावी, तिच्यावर संसार मांडू नये.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. जाहिरात आपण निवडत नाही, यंत्र निवडतं. आयंबिलच्या लेखाशेजारी मांसाहारी हॉटेलची जाहिरात झळकली तर वाचणारीच्या मनाला ती लागते, आणि तिच्या दृष्टीने ती आपणच लावलेली असते. ॲडसेन्सच्या ब्लॉकिंग कंट्रोल्समध्ये विषयांप्रमाणे आणि ठरावीक जाहिरातदारांच्या संकेतस्थळांप्रमाणे जाहिराती अडवता येतात. पहिली जाहिरात लावण्याआधी अर्धा तास तिथे बसा. नंतरही महिन्यातून एकदा दुसऱ्या कोणाच्या फोनवर आपलं पान उघडून पाहा, कारण गाळणीतून काहीतरी सुटतंच. मिळकत थोडी कमी होईल. होऊ द्या.

आणि मंडळाच्या ग्रुपवर ‘माझ्या जाहिरातीवर क्लिक करा गं’ असं कधीही लिहू नका. स्वतः क्लिक करणं किंवा इतरांना करायला सांगणं ॲडसेन्सच्या नियमांत बसत नाही, त्यावरून खातं बंद होतं. ते जाहिरातदाराला फसवणंही आहे, हे वेगळं सांगायला नको.

वस्तू सुचवून मिळणाऱ्या कमिशनचंही तसंच. ॲमेझॉनसारख्या दुव्यातून कोणी मिक्सर घेतला की आपल्याला थोडे पैसे मिळतात. त्यात वावगं काही नाही, पण ते सांगायला हवं. केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये समाजमाध्यमांवर शिफारस करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. फुकट मिळालेली वस्तूसुद्धा उघड करावी आणि ज्या भाषेत शिफारस त्याच भाषेत करावी, असं त्यात आहे. तेव्हा लेखाच्या वरतीच मराठीत लिहा: ‘या दुव्यावरून खरेदी झाली तर मला कमिशन मिळतं.’ ज्या वाचकेला हे खटकेल ती निघून जाईल. जी राहील ती विश्वासाने राहील.

एआयला काय विचारावं, काय विचारू नये

चॅटजीपीटी, जेमिनी ही साधनं शुद्धलेखन तपासायला, चार शीर्षकं सुचवायला, लांबलेला परिच्छेद आटोपशीर करायला चांगली आहेत. पण भक्ष्याभक्ष्य, पच्चक्खाणाच्या वेळा, तिथी यांचा निर्णय त्यांच्यावर सोडू नये. ती माहिती फार आत्मविश्वासाने देतात, चुकीचीसुद्धा. जैन पाककृती मागितली आणि त्यात आलं किंवा गाजर येऊन बसलं, तर आपल्याला कळेल, पण नव्या सुनेला किंवा परदेशात वाढलेल्या मुलीला कळेलच असं नाही. ती आपल्या नावावर भरवसा ठेवून रांधणार आहे. तिथी पंचांगात पाहावी, शंका महाराज साहेबांना किंवा घरातल्या जाणत्यांना विचारावी.

मग पैसा कुठे आहे?

माझ्या मते, आपल्यासारख्या छोट्या मराठी ब्लॉगचा खरा नफा स्वतःच्या वस्तूत आहे. चातुर्मासाच्या पन्नास पाककृतींची १०० रुपयांची पीडीएफ पुस्तिका ९० जणींनी घेतली तर ९,००० रुपये होतात. तेवढ्याच पैशांसाठी जाहिरातीला वरच्या हिशोबाने लाखो वाचनं लागली होती. पैसे घ्यायला यूपीआयचा क्यूआर कोड, मागणी नोंदवायला गुगल फॉर्म, बस. ऑनलाईन स्वयंपाकाचा वर्ग, मुलांच्या गोष्टींची पुस्तिका, घरचे खाकरे असंही करता येईल. मात्र खाण्याचा पदार्थ विकायचा तर एफएसएसएआयची नोंदणी आधी करा. घरून विकलं तरी ती लागते.

१९५९ मध्ये गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्याची पुढे लिज्जत झाली. त्यांच्याकडे पोळपाट, लाटणं आणि गच्ची होती. मोठी यंत्रं घेण्यावाचून त्यांचं अडलं नाही.

वाट आणि खातं

२९ जून २०२० ला भारतात टिकटॉक बंद झालं. तिथे लाखो चाहते जमवलेल्या गावोगावच्या बायकांचा प्रेक्षक एका रात्रीत नाहीसा झाला. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा विषय. धडा असा की दुसऱ्याच्या वाड्यात थाटलेलं दुकान मालक केव्हाही बंद करू शकतो. व्हॉट्सॲप चॅनेल सोयीचं आहे, जरूर चालवा, पण तिथल्या वाचकांची यादी आपल्याला उचलून नेता येत नाही. म्हणून वाचकांचे ईमेल पत्ते त्यांच्या संमतीने जमवा. मेलचिंप, सबस्टॅक यांवर सुरुवात फुकट होते. सबस्टॅक पैशाच्या वर्गणीवर १० टक्के घेतं, तेव्हा वर्गणी लावण्याआधी ते पैसे भारतातल्या खात्यात कसे येतील हे पाहा. पत्त्यांची यादी आणि सगळ्या लेखांची प्रत महिन्यातून एकदा उतरवून पेन ड्राईव्हवर ठेवा. ब्लॉगरच्या सेटिंगमध्ये त्याची सोय आहे.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. बऱ्याच घरांत ब्लॉग बाई लिहिते, पण ॲडसेन्स ‘ह्यांच्या’ नावावर, जीमेल मुलाच्या फोनवर आणि बँक खातं सासऱ्यांचं असतं. कोणाच्या मनात वाईट काही नसतं. ‘तुला कुठे ते जमणार’ असं म्हणत प्रेमानेच केलेलं असतं. पण मिळकत ज्याच्या नावावर त्याची. कर विवरणात ती त्याच्याच नावावर दिसते. उद्या कर्ज काढायचं झालं, काही घेऊन उभं राहायचं झालं, तर या बाईने काही कमावलं होतं याचा कागदोपत्री एकही पुरावा नसतो.

म्हणून सुरुवातीलाच स्वतःचा ईमेल, स्वतःचा पॅन, स्वतःचं बँक खातं. ॲडसेन्सचं नाव बँकेतल्या नावाशी जुळलं पाहिजे. १० डॉलर जमले की गुगल पत्ता तपासायला पिनचं पत्र पाठवतं, ते तुमच्या नावाने घरी येऊ द्या. दोन टप्प्यांची पडताळणी लावा आणि ओटीपी कोणालाच सांगू नका. उत्पन्न करात दाखवावं लागतं, ते वर्षातून एकदा घरच्याच सीएला विचारा. मुलाची मदत घ्यायला हरकत नाही, पण शेजारी बसून शिकून घ्या.

या आठवड्यात एकच काम करा. आपलं लेखन, आपलं चॅनेल, आपला खाकऱ्याचा व्यवसाय, जे काही असेल ते कोणाच्या नावावर आहे ते उघडून पाहा. नवीन साधन घ्यायचा विचार त्यानंतर.

जय जिनेंद्र.