कपाटातली कॅसेट आणि कायदा

गेल्या पावसाळ्यात घरातले जुने कपाट आवरायला घेतले आणि त्यातून कॅसेटींचे दोन खोके निघाले. नाट्यसंगीत, अभंग, काही मैफली. बहुतेक साऱ्या नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत, पगार झाला की एक, अशा हिशेबाने घेतलेल्या. प्रत्येकीच्या आतल्या कागदावर खरेदीची तारीख आणि माझी सही आहे. बँकेतल्या माणसाची खोड, दुसरे काय! काही फितींवर पांढुरकी बुरशी चढली होती. एक तर टेपरेकॉर्डरमध्ये घालताच गुंडाळली गेली. माझा भाचा संगणकातला माणूस. तो म्हणाला, ''मामा, साफ करून यातली गाणी संगणकावर उतरवून देतो.'' आणि जरा थांबून, ''पण हे कायद्यात बसतं का रे?''

त्याने गमतीत विचारले. मी मात्र त्या रात्री कायदा काढून बसलो.

आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. त्याच्या ५२व्या कलमात कोणत्या गोष्टी हक्कभंग ठरत नाहीत याची लांबलचक यादी आहे. खासगी किंवा वैयक्तिक उपयोगासाठी केलेला वाजवी वापर त्यात येतो. पण ही सवलत कित्येक वर्षे साहित्य, नाटक, संगीतरचना आणि चित्र-शिल्पादी कलाकृतींपुरतीच होती. ध्वनिमुद्रण आणि चित्रपट तिच्या बाहेर. म्हणजे कोऱ्या कॅसेटवर आवडीची गाणी उतरवून घेणारे आपण सारे, काटेकोर पाहिले तर, कुंपणाबाहेरच उभे होतो. २०१२च्या दुरुस्तीने संगणकाचे प्रोग्राम वगळून बाकी सर्व कृतींना ही सवलत मिळाली, आणि त्यासाठी इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण करणे हा हक्कभंग नव्हे, असेही स्पष्ट झाले.

गंमत अशी की, प्रोग्रामचा मालक आधीच सुखी होता. वस्तू हरवली, नष्ट झाली, बिघडली तर हाताशी असावी म्हणून बॅकअप प्रत काढण्याची मुभा त्याला १९९४च्या दुरुस्तीनेच नाव घेऊन दिली आहे. गाण्याच्या बाबतीत तसा उल्लेख नाही. तिथे सगळी भिस्त 'वाजवी' या एका शब्दावर. माझे मत सांगतो: पैसे मोजून घेतलेली कॅसेट कपाटात आहे, मी स्वतःपुरती एक प्रत काढतो, ती विकत नाही, वाटत नाही. हे वाजवी नसेल तर मग त्या शब्दाला अर्थच काय उरला?

बँकेत मी दुसऱ्या प्रतीचे मोल शिकलो. शाखेत संगणक आले तेव्हा दिवसाचे काम संपले की टेपवर बॅकअप घ्यायचा आणि एक संच शाखेबाहेर ठेवायचा, हा दंडक होता. तिजोरीच्या जोडकिल्ल्या लाखेने मोहोर केलेल्या पाकिटात दुसऱ्या शाखेत ठेवलेल्या असत. त्या शाखेचा मॅनेजर त्या पाकिटाचा राखणदार, मालक नव्हे.

आता नाण्याची दुसरी बाजू, कारण मी लेखकही आहे. एका वाचकाचा मला मोठ्या प्रेमाने फोन आला: ''साहेब, कादंबरी फार आवडली, आमच्या ग्रुपवर सगळ्यांना पीडीएफ पाठवली.'' रागवावे की आभार मानावेत, कळेना. ती पीडीएफ म्हणजे बॅकअप नव्हे, ते सरळ वाटप. पण या दोहोंतली रेघ प्रत्यक्षात पुसट असते, म्हणूनच कंपन्या आणि कलावंत दोघेही बिचकतात. जर्मनीने १९६५ सालीच यावर तोडगा काढला: ध्वनिमुद्रण करणाऱ्या यंत्रांवर आकार घ्यायचा आणि तो हक्कधारकांत वाटायचा. ब्रिटनने ऑक्टोबर २०१४मध्ये ग्राहकाला स्वतःपुरती प्रत काढण्याचा हक्क दिला, पण मोबदल्याची सोय केली नाही. संगीतकारांच्या संघटना न्यायालयात गेल्या. मोबदल्याची गरज नाही, हे सरकारला पुराव्याने दाखवता आले नाही आणि जुलै २०१५मध्ये तो नियम रद्द झाला. जेमतेम साडेनऊ महिने तो जगला.

आपल्याकडे तसा आकार नाही. आहे ते कुलूप. डीव्हीडीला, ई-पुस्तकाला तांत्रिक कुलूप घातलेले असते. हक्कभंगाच्या हेतूने ते तोडले तर कलम ६५ए प्रमाणे दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हेतू महत्त्वाचा, ही त्यातली शहाणी बाजू. कायद्याने मना नसलेल्या कामासाठी कुलूप उघडायला आडकाठी नाही. मात्र त्यासाठी दुसऱ्याची मदत घेतलीत, तर मदत करणाऱ्याने तुमचे नाव, पत्ता आणि प्रयोजन नोंदवून ठेवायचे आहे. हे वाचून मला हसू आले. म्हणजे माझ्या भाच्याने उद्या माझी डीव्हीडी उघडून दिली, तर आधी मामाचे केवायसी करायला हवे!

पण खरी अडचण कुलपाची नाहीच. ती खरेदीची आहे. कर्जाच्या फायलीत खरेदीखत आणि भाडेपट्टा यांची गल्लत झाली तर माझी नोकरी गेली असती. मोबाइलवर मात्र 'खरेदी करा' या बटणामागे बहुधा भाडेपट्टाच असतो, अटींच्या पंचवीस पानांत दडवलेला. २००९मध्ये अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलची पुस्तके लोकांच्या किंडलवरून परस्पर पुसली. विकणाऱ्याकडे हक्क नव्हते, पैसे परत दिले, पण पुस्तक हातून गेले. मायक्रोसॉफ्टने २०१९मध्ये ई-पुस्तकांचे दुकान बंद केले तेव्हाही पैसे आले आणि पुस्तके गेली. मी स्वतः एका अ‍ॅपवर घेतलेली बारा-पंधरा व्याख्याने ते अ‍ॅप बंद पडले तशी नाहीशी झाली, आणि पैसेही आले नाहीत. कॅलिफोर्नियात २०२५पासून असा कायदा आहे की, हा नुसता परवाना असेल तर विक्रेत्याने ग्राहकाला तसे स्वच्छ सांगावे. आपल्या २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'अन्याय्य करारा'विरुद्ध राज्य आयोगाकडे जाण्याची वाट आहे. शंभर रुपयांच्या गाण्यासाठी ती कोण चालणार, हा भाग वेगळा.

भाच्याने दोन रविवार खपून अडतीस कॅसेटी उतरवल्या. पाच हाती लागल्या नाहीत. प्रती दोन केल्या: एक माझ्या टेबलाच्या खणात आणि दुसरी पेनड्राइव्हवर, लखोट्यात घालून, तोंडावर सही करून, नाशिकला मुलीच्या घरी. परवा तिचा फोन आला.

''बाबा, ते पाकीट फक्त सांभाळायचं, की आतली गाणी ऐकली तर चालतील?''

कायदा अजून टेबलावरच आहे. तिला म्हटले, जरा थांब, पाहून सांगतो.