पेट्रोल वाटेंत कोठें अडतें?

मुंबईच्या रस्त्यांवरील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ सालच्या ऑक्टोबरांत संपली. तथापि प्रीमिअर कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत तयार झालेली ही गाडी कांहीं घरांत वाडवडिलांची आठवण म्हणून अद्याप जपलेली आढळते. कुर्ल्याहून सहावें स्थानक नाहूर. तेथील एखाद्या आवारांत अशी गाडी महिनोन्महिने उभी राहिली व सणावारीं बाहेर काढतांच आचके देऊन थांबली, तर काय करावें?

ठिणगी नीट असूनहि असें घडल्यास पुष्कळ लोक प्रथम कार्बोरेटरच उघडतात. हा क्रम उलटा होय. पेट्रोल मागील टाकींतून नळीनें इंजिनावरील पंपाकडे, व तेथून कार्बोरेटरच्या लहानशा हौदांत येतें. शोधहि त्याच वाटेनें घ्यावा.

प्रथम टाकीचें झांकण सैल करावें. तेवढ्यानें गाडी नीट चालूं लागल्यास टाकींत हवा शिरण्याची वाट बुजली आहे, असें समजावें. नंतर गाळणी पाहावी. टाकींतील गंज व गाळ तींत सांचतो. मग पंप. त्याचा पडदा फाटल्यास पेट्रोल बाहेर ठिबकतें किंवा इंजिनाच्या तेलांत उतरतें. तेल मोजण्याच्या पट्टीस पेट्रोलचा वास आल्यास गाडी मुळींच चालवूं नये. ही सर्व वाट मोकळी ठरल्यावरच कार्बोरेटरला हात लावावा.

हल्लींच्या पेट्रोलांत वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. तें हवेंतील ओलावा शोषून घेतें व जुन्या जातीच्या रबरास कमकुवत करतें. म्हणून नळ्या व पंपाचा पडदा वरून धड दिसले तरी इथेनॉल सोसणाऱ्या जातीचे बसवून घेणें हिताचें. तापलेल्या इंजिनावर पेट्रोलचा एक थेंब पडला तरी आगीस निमित्त होतें.

यास्तव इंजिन पूर्ण निवल्यावर, बॅटरीची तार सोडवून, मोकळ्या हवेंतच हें काम करावें. विडीकाडी व मुलेंबाळें दूर ठेवावीं. नळी तोंडांत धरून पेट्रोल ओढण्याची रीत तर सर्वस्वी टाकून द्यावी. घोटभर पेट्रोल फुप्फुसांत गेल्यास जिवावर बेततें. गाडीची हौस असावी. परंतु ती घरांतील माणसांच्या जिवापेक्षां मोठी नव्हे.